बातमीतला काऊन

गोंदिया
६ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामाजी,

ठरल्याप्रमाणे हाताने लिहितेय. अक्षर बघून हसू नका, बारावीनंतर पेन धरलंय ते सही करायलाच. "इंटर्नशिप लावून देतो, पण आठवड्याला एक पत्र पाहिजे आणि मोबाईलवरचं मी वाचणार नाही" ही तुमची अट मी मोहितला सांगितली, तर तो म्हणाला, तुझे मामा कोणत्या जमान्यातले आहेत? मोहित म्हणजे अमरावतीचा दुसरा इंटर्न. हे पाकीट पेपरच्या गठ्ठ्यात खुपसते. पहाटेच्या बसने गठ्ठा देवरीला हेमेंद्रदादाच्या स्टॉलवर जाईल आणि दादा संध्याकाळी हिरडटोल्याला घरी आणेल. पोस्टाला लाजवेल अशी सोय आहे.

त्या दिवशी तुम्ही मला ऑफिसात सोडलंत आणि निघताना सगळ्यांसमोर वाकून माझ्या पाया पडलात. तेव्हापासून मोहित मला "देवीजी" म्हणतो. मी सांगितलं, आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पडतो. त्याला वाटलं मी त्याला बनवतेय. शेवटी भैय्यालाल सरांनीच त्याला गप्प केलं. ते म्हणाले, माझी भाची चार वर्षांची आहे आणि मी तिच्याही पडतो.

भैय्यालाल सर म्हणजे आमचे जिल्ह्याचे मुख्य. पेपरचं पान नागपूरला लागतं, आम्ही इथून मजकूर पाठवतो. मला काय दिलंय माहिती आहे? निधन वार्ता! दिवसभर मेलेली माणसं. नाव, वय, गाव, अंत्यसंस्कार कुठे, आणि शेवटी "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, नातवंडे असा परिवार आहे." यादीत एक नातेवाईक राहिला की दुसऱ्या दिवशी अख्खं खानदान ऑफिसात. काल एक जावई भांडायला आला, माझं नाव काऊन नाही म्हणून. सासऱ्याचं दुःख बाजूलाच.

सरांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. एक, बातमीत पाच प्रश्नांची उत्तरं पाहिजेत: कोण, काय, कुठे, केव्हा, का. दुसरी, जागा कमी पडली की नागपूरवाले बातमी खालून कापतात. वाचत बसत नाहीत, खालच्या ओळी उडवतात. म्हणून महत्त्वाचं ते वर. झालं माझं पत्रकारितेचं शिक्षण.

इकडे घरी मुर्रीत सगळे बरे आहेत. आई विचारते, भाऊबीजेला तुम्ही येणार की आम्ही यायचं?

तुमची,
चेतना


हिरडटोला, ता. देवरी
११ ऑगस्ट २०२५

भाचीबाई,

तुझ्या पाया पडतो.

पत्र मिळालं. सात चुका आहेत, लाल पेनाने खुणा करून परत पाठवतोय. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, आता रिटायर झालो म्हणून सवय जाते का? "अंत्यसंस्कार" तू पहिल्यांदा चुकवून मग खोडून बरोबर लिहिलाय. रोज दहा माणसं जाळतेस आणि शब्द येत नाही!

निधन वार्तेला नाक मुरडू नको. पेपरात तेवढीच एक बातमी खरी असते. बाकीच्यांचा खुलासा दुसऱ्या दिवशी येतो, हिचा कधी येत नाही.

तुझ्या सरांचे पाच प्रश्न वाचले. चार ठीक आहेत. पाचवा "का" हा पुण्याचा आहे. आपला "काऊन" आहे. "का" विचारला की माणूस उत्तर देतो. "काऊन गा?" विचारलं की माणूस बाजूला सरकून बसायला जागा देतो आणि मग सांगतो. आणि आपल्याकडे माणूस काही कबूल करायला लागला की आधी काऊन सांगतो, मग काय केलं ते. तुझे नागपूरवाले खालून कापतात ना, मग काऊन वर घालत जा.

अजून एक सांगून ठेवतो. मी स्वतः तुझं नाव सुचवलं म्हणून माझ्या ओळखीच्यांना सांभाळून घेत बसशील, तर ते नको. बातमीदाराला मामा नसतो. हे वाक्य मला आत्ताच सुचलं, वहीत लिहून ठेव.

इकडे तलाव भरत आला आहे. परवा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरून आलो, एका ठिकाणी खेकड्यांनी भोकं पाडली आहेत, ती बुजवून घेतली. यंदाही पाणी वाटायचं काम गावाने माझ्याकडेच ठेवलंय. अडुसष्ट वर्षं झाली, गुडघे बोलतात, पण तुडुमाची सळई अजून आपल्याच भिंतीवर लटकते. तुझ्या पणजोबाच्या बापाने ती टांगली. ज्याच्या भिंतीवर सळई, त्याच्याच हाताने तुडुम, म्हणजे तलावाच्या तळाचं भोक, उघडायचं आणि पाणी सोडायचं. माझ्यानंतर हेमेंद्रच्या हातात जावी एवढीच इच्छा आहे. त्याला पेपर विकण्यातून सवड मिळाली तर.

मामीने लाखोळीची डाळ ठेवली आहे तुझ्या आईसाठी. भाऊबीजेला तुम्ही दोघी या.

तुझा,
केवळराम मामा


गोंदिया
२६ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामाजी,

दोन आठवडे पत्र नाही म्हणून रागावू नका. माझं काहीतरी झालंय. चांगलं झालंय.

मागच्या मंगळवारी सरांनी एका निधन वार्तेसाठी फोटो आणायला पाठवलं. बीडी वळणाऱ्या एक बाई गेल्या होत्या. घरात सून आणि शेजारच्या बाया. मी फोटो मागून निघणारच होते, तर सून सहज म्हणाली, "सासूबाई मरताना बी बोटं हलवत होत्या. बीडीचा पत्ता कापून राहिल्या होत्या." मी खालीच बसले. तासभर बसले. कुणी पाणी दिलं, कुणी चहा. त्यांनी मला सगळं सांगितलं, मी न विचारताच. परत येऊन दीडशे शब्द लिहिले. सरांनी एक शब्दही न बदलता पाठवलं. दुसऱ्या दिवशी चौकटीत आलं!

मामाजी, मी ती चौकट पन्नास वेळा वाचली असेल. लाज वाटते सांगायला, पण एक बाई मेली होती आणि मी आनंदाने ऑटोतून फिरत होते. लोकं मला बघून बोलायला लागतात. हे मला येतं. आजवर मला काही येतं असं कधी वाटलंच नव्हतं. बँकेच्या परीक्षेचे फॉर्म आईने आणून ठेवलेत, ते मी भरणार नाही. तुम्हीच तिला समजवा.

त्या बाईंचा घरात एकच फोटो होता, लग्नातला. परत द्यायचा राहिलाय. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, उद्या देऊन येते.

आता कामाचं. सर मामा तलावांवर मालिका करायची म्हणतात आणि ती मला देणार आहेत! मोहितला आधी वाटलं की मामा तलाव म्हणजे तुमचा तलाव. मी म्हटलं, अरे, माजी मालगुजारी तलाव, सरकारी कागदावर एवढं मोठं नाव लिहायचा कंटाळा म्हणून "मामा". तो म्हणाला, म्हणजे तुझ्या मामाकडे मामा तलाव आहे. आता त्याला कोण समजावणार.

मला तुमच्याकडून पाहिजे: पाण्याची पाळी कशी ठरते, भांडणं कशी होतात, आणि कुणी कधी पाणी चोरलं का? सर म्हणतात, आतल्या माणसाशिवाय मालिका म्हणजे निबंध. लवकर लिहा.

तुमची,
चेतना


हिरडटोला
३ सप्टेंबर २०२५

भाचीबाई,

तुझ्या पाया पडतो.

चौकट वाचली. हेमेंद्रने स्टॉलवर लावून ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, "आमची चेतना." मी तीन वेळा वाचली. चूक सापडली नाही. तुझ्या आईशी बोललो, बँकेचं सध्या राहू दे म्हटलं. चिडली आहे, उतरेल राग.

फोटो दिलास का परत?

पाळीचं विचारलंस. साधं आहे. तलावाजवळच्या बांधीला, म्हणजे धानाच्या तुकड्याला, आधी पाणी, मग खालच्या, मग त्याच्या खालच्या. शेवटच्या बांधीला शेवटी. कुणाला किती वेळ ते सगळ्यांच्या समोर ठरतं. ठरल्यावर बदल नाही, देव आला तरी नाही. माझ्या बापाच्या हातात सळई होती तेव्हा त्याच्या सख्ख्या भावाने रांग मोडून पाणी घेतलं. बापाने त्याचं पुढचं सगळं पाणी बंद केलं. काकाचा धान बांधीतच वाळला. दोघं भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत. काकाच्या प्रेताला बाप गेला, पण खांदा दिला नाही. आमच्याकडे पाणी असं वाटतात.

आता पुढचं लिहू की नको, दोन दिवस विचार केला. तू विचारलंस, कुणी कधी पाणी चोरलं का. भाचीपुढे खोटं बोलायचं नसतं. आपल्याकडे भाचीला देव मानतात ते नुसतं पाया पडण्यापुरतं नाही.

मीच चोरलं. गेल्या साली.

आधी काऊन ते सांगतो. सगळ्यात शेवटची बांधी रीताची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, दोन पोरी आहेत. धान गर्भात होता, म्हणजे लोंबी पोटात असते आणि अजून बाहेर पडलेली नसते. त्या आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर नुसता कोंडा हातात येतो. पावसाने दडी मारली होती आणि तिची पाळी अकरा दिवसांनी होती. ती मागायला आली नाही. मीच फिरताना पाहिलं. गावातल्या चैतरामच्या बापाच्या तेरवीला सगळं गाव जेवायला गेलं होतं, भर दुपारी. मी पोट दुखतं म्हणून घरी थांबलो. सळई घेतली, तुडुम अर्धा तास उघडलं, बंद केलं. रीतालाही कळलं नाही, तिला वाटलं वरच्या बांधीतून पाणी फुटून आलं. तिला धान झाला.

वर्ष होत आलं आता. मी ज्या बापाचा पोरगा आहे त्याने सख्ख्या भावाला सोडलं नाही. रोज सळईकडे बघतो आणि वाटतं, ती माझ्याकडे बघते. मामीला सांगितलं आहे. आता तुला. तिसरं कुणी नाही.

हे बातमीसाठी नाही, भाचीसाठी आहे. हे वाक्य दोनदा वाच.

मालिकेसाठी काकाची गोष्ट घे. ती सगळ्यांना माहिती आहे.

तुझा,
केवळराम मामा


गोंदिया
९ सप्टेंबर २०२५

आदरणीय मामाजी,

तुमचं पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तुम्ही किती मोठे आहात हे तुम्हालाच माहीत नाही.

मालिकेचे दोन भाग लिहून झाले. सरांना काकांची गोष्ट आवडली, पण म्हणाले ती जुनी आहे, साठ वर्षांपूर्वीची, आजचं काय? आजच्या माणसाचा आवाज पाहिजे म्हणतात. बघते काय करता येतं ते. तुम्ही काळजी करू नका. नाव नाही, गाव नाही, तालुका नाही. तेवढं मला शिकवलंय इथे.

घाईत आहे. फोटो अजून ड्रॉवरमध्येच आहे, खरंच वेळ मिळत नाहीये.

तुमची,
चेतना


गोंदिया
१८ सप्टेंबर २०२५

आदरणीय मामाजी,

पेपर पाहिलात ना? पहिलं पान! चार कॉलम! वर माझं नाव! इंटर्नचं नाव पहिल्या पानावर येण्याची या ऑफिसातली ही पहिलीच वेळ आहे. सरांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. नागपूरहून संपादकांचा स्वतः फोन आला.

तुम्ही रागावला असाल, मला माहिती आहे. आधी ऐकून घ्या. मी शेवटच्या भागात लिहिलं की एका गावात ज्याच्याकडे गावाने विश्वासाने सळई दिली त्यानेच रांग मोडली, आणि तो आजही त्याचं ओझं घेऊन जगतोय. तुमचं नाव नव्हतं. गाव नव्हतं. "सगळं गाव तेरवीला गेलं असताना" आणि "एका विधवेच्या बांधीत" एवढंच. पण तुमच्या पत्रातली वाक्यं टाइप करताना माझ्या हातून एका ठिकाणी सवयीने "मामाजी म्हणाले" असं राहून गेलं. मी तीन वेळा वाचलं, मला दिसलंच नाही. मला तो शब्द दिसणार कसा, मी तुम्हाला दुसरं काही म्हणतच नाही. नागपूरच्या डेस्कला मात्र दिसला आणि त्यांनी मथळाच केला: "मामाजींनीच फोडला मामा तलाव!"

मथळा मी दिलेला नाही. पण मामाजी, खरं सांगू? मथळा जबरदस्त आहे.

तुम्ही म्हणाला होतात की हे बातमीसाठी नाही. मी दोनदा वाचलं होतं. रात्रभर विचारही केला. मग वहीत बघितलं तर तुमचंच वाक्य होतं: बातमीदाराला मामा नसतो. मला वाटलं, ज्याने हे शिकवलं तोच मला समजून घेईल. तिकडे चुकलेल्याने कबूल करायची हिंमत दाखवली, असंच लोक म्हणत असतील. इथे वाचकांचे अकरा फोन आले.

तुमचं पत्र नऊ दिवस झाले आलं नाही. दादाला फोन केला तर उचलत नाही. दोन ओळी तरी लिहा. सात चुका काढा, पण लिहा.

तुमची,
चेतना


हिरडटोला
२९ सप्टेंबर २०२५

चेतना,

आई सांगते तसं लिहून देतो. माझा त्यात शब्द नाही.
— हेमेंद्र

बाई, तुये मामा लिहत नाई, मनून मी सांगतो. मले लिहता येत नाई, पन बोलता येते.

गावाचं नाव नव्हतं म्हणतेस. तेरवी कोनाच्या घरी होती ते आमाले मालूम नाई का? पेपरात भाची कोनाची हाय, ते मालूम नाई का? तुयं नाव तं मोठ्या अक्षरात होतं.

पाळीवर सभा भरली. चैतरामनं पेपर वाचून दाखवला, मोठ्यानं, दोन डाव. त्याच्या बापाच्या तेरवीच्या दिवशी चोरी झाली, त्याले लागलं, त्याचं बी खरं हाय. "मामाजींनीच" असं आलं का सारे हासत. मंग त्यानं इचारलं, "तुडुम काऊन खोललं, सांगा." तुये मामा उभे राह्यले. रीता बायांत बसली होती खाली मान घालून. तिले बी तवाच समजलं का पानी कोठून आलं होतं. मामानं तिच्याकडं पायलं नाई. म्हणाले, "चुकलं." बस, येवढंच.

माह्याच्यानं बसवलं नाई. मी उठून सांगतली, धान गर्भात होता, मनून देल्लं पानी. तं चैतराम म्हणे, "मामी, धानच गर्भात होता का अजून कोनी?"

सारं गाव हासलं बाई. बाया बी हासल्या. मी पन्नास साल या गावात राह्यलो.

पेपरात धानाची येक ओळ असती तं असं झालं नसतं. पेपरात होती फक्त विधवा आन म्हातारा आन सुनी दुपार. लोकायनं बाकीचं आपलं जोडून घेतलं. मंग मी कितीबी सांगो.

रीता दुसऱ्या दिवशी दोनी पोरी घेऊन माहेरी निघून गेली, छत्तीसगडात. जाताना माह्या घरी आली नाई. तिचा धान उभा हाय, याही साली गर्भात हाय. पानी कोनी देत नाई. सळई आता चैतरामच्या भिंतीवर हाय. ते न्याले आले तवा तुये मामा सोता काढून देल्ली, पुसून. भिंतीवर तेवढीच जागा पांढरी राह्यली हाय.

मले येकच पुसाचं हाय. तू त्या बीडीवाल्या बाईच्या घरी तासभर बसली. आमच्या घरी येऊन येक घंटा बसली असतीस, मले इचारली असतीस, काऊन गा मामी? मी सांगतली असती. कायले नाई आली?

पाया पडाचं काम मामाचं हाय. ते पडतील का नाई, मले मालूम नाई.

मामी


गोंदिया
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामाजी,

मामीचं पत्र मिळालं. चार दिवस जेवले नाही, हे तुम्हाला सांगायचा मला काही हक्क नाही, तरी सांगते. आई माझ्याशी बोलत नाही. ती भांडी जोरात ठेवते.

धानाची ओळ मी लिहिली होती. देवाशपथ लिहिली होती. ती मी शेवटी ठेवली. सगळं वाचून झाल्यावर वाचकाला कळावं की त्याने चोरी का केली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यावं, म्हणून. नागपूरला ऐनवेळी एक जाहिरात आली, जागा कमी पडली आणि त्यांनी खालच्या सहा ओळी उडवल्या. त्यात ती गेली. तुम्ही सांगितलं होतं, काऊन वर घाल. मला चटका लावायचा होता.

मी सरांशी बोलले. ते म्हणाले, यावर उपाय आहे. आपण दुसरी बाजू छापू. तुमची मुलाखत, फोटोसह, रिकाम्या भिंतीसमोर उभे असलेले तुम्ही. त्यात धानाचं सगळं सविस्तर घेऊ. रीताताईंच्या माहेरचा पत्ता मिळाला तर त्यांच्याशीही बोलेन. रविवारी कॅमेरा घेऊन येऊ का? ही बातमी पहिलीपेक्षा मोठी होईल, मामाजी, आणि सगळ्यांना खरं काय ते कळेल.

हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. मला माझीच भीती वाटली. तरी खोडत नाही. तुम्हीच शिकवलंय, खोडाखोड करू नये.

अजून एक गोष्ट आहे. दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी. सरांनी मला नोव्हेंबरपासून कायम घेतलंय. त्याच बातमीमुळे. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मग वाटलं, हे सोडलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे? मला याच्याशिवाय काही येत नाही आणि याच्याशिवाय काही नकोही वाटतं. हे तुम्हीच मला दिलंत. तुमचं घर मोडून मला माझी जागा मिळाली. याच्यावर माफी कशी मागतात मला माहीत नाही. मामाजी, मला माफ करा.

भाऊबीजेला आम्ही दोघी येणार आहोत. तुम्ही दारातून हाकललंत तरी मी बाहेर बसेन.

तुमची,
चेतना


हिरडटोला
१७ ऑक्टोबर २०२५

कु. चेतना यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली पत्रे मिळाली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. प्रगती आहे.

पहिल्या पानावरच्या बातमीचं कात्रण सोबत परत पाठवत आहे, तपासून. दोन दुरुस्त्या आहेत. एक, तलाव फोडणे म्हणजे पाळ फोडणे. मी तुडुम उघडलं. पाणी वाटणाऱ्याच्या घरातली मुलगी ज्या ऑफिसात बसते, तिथे हा फरक कळायला पाहिजे होता. दुसरी दुरुस्ती मोठी आहे. कोण आहे, काय आहे, कुठे आहे, केव्हा आहे. काऊन नाही. म्हणून पाचपैकी चार गुण. आपण पास आहात.

मुलाखत द्यायची नाही. धान गर्भात होता, हे आता या गावात कुणाला सांगायची सोय राहिली नाही. तो शब्दच गेला. बाया तो तोंडावर पदर घेऊन म्हणतात.

रीताचा पत्ता शोधू नका. गेल्या सोमवारी मी बसने तिच्या माहेरी जाऊन आलो. तिच्या भावाने दारातच विचारलं, "आप कौन?" मी म्हटलं, गाववाला. आतून तिची लहान पोरगी ओरडली, "माय, ते पेपरवाले आजोबा!" मग मी आत गेलो नाही. तिचा धान वाळला. आता कोंडा आहे. पाणी आता माझ्या हातात नाही, ते कशाने गेलं ते आपण छापलंच आहे.

नोकरी लागली, आनंद झाला. खोटं लिहीत नाही, खरंच झाला. आपल्याला हे काम येतं. पहिल्या चौकटीच्या दिवशी मला ते कळलं होतं आणि मी गावभर सांगत फिरलो होतो. बातमीदाराला मामा नसतो, हेही मीच सांगितलं. ते आपण बरोबर लिहून घेतलं. फक्त त्याची दुसरी ओळ मी तेव्हा लिहिली नव्हती, कारण ती लिहायची वेळ येईल असं वाटलं नाही. ती आता लिहितो: मग मामालाही भाची नसते.

सुभद्राला भाऊबीजेला पाठवावे. एकटीला. ती माझी बहीण आहे, तिने काही छापलेलं नाही. दुसरं कुणी दारात बसलं तर मी मागच्या दाराने तलावावर निघून जाईन आणि ते माणूस उठेपर्यंत येणार नाही. या वयात मला पाळीवर बसवू नये, एवढी विनंती.

एक काम मात्र आपल्याकडेच आहे, कारण ते आपल्याला चांगलं येतं. खाली मजकूर देत आहे. वेळ येईल तेव्हा हेमेंद्र वय आणि तारीख भरून गठ्ठ्याच्या परतीच्या बसने पाठवेल. फोटो देत नाही. नेलेला फोटो आपण परत करत नाही.

आपला,
केवळराम डोंगरवार

*निधन वार्ता*
*केवळराम गोविंदा डोंगरवार*
*देवरी : हिरडटोला येथील निवृत्त शिक्षक केवळराम गोविंदा डोंगरवार यांचे ___ रोजी वयाच्या ___ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्यावर गावातील तलावाच्या काठी अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांच्या पश्चात पत्नी मंदाबाई, मुलगा हेमेंद्र, सून, दोन नातू व बहीण सुभद्राबाई असा परिवार आहे.*

डेस्कसाठी सूचना : यादी तपासून दिली आहे, तीत नाव वाढवू नये. जागा कमी पडली तरी खालून कापू नये. कापायचं ते मी कापून दिलं आहे.